नव्या सदस्य-राष्ट्राचं स्वागत: कागद, खुर्ची आणि ध्वज

प्रश्न थोडक्यात असा: फोंड्याच्या एका महाविद्यालयातल्या मुलांनी बारा काल्पनिक सागरी राष्ट्रांचा एक संघ उभा केला आहे. घटना, सचिवालय, ठराव, सगळं त्यांनीच लिहिलेलं. आता डिसेंबरात पणजीत एका दिवसाची शिखर परिषद घेऊन तीन नवी राष्ट्रं संघात घ्यायची आहेत. त्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापिका विचारतात की हा स्वागतसोहळा खऱ्यासारखा कसा बसवायचा, आसनांचा आणि ध्वजांचा क्रम कसा लावायचा, तिरंगा कुठे असावा, आणि सगळ्याचं स्नेहसंमेलन होऊ नये म्हणून काय करावं.

बाई, मुलांना आधी एकच प्रश्न विचारा: आपल्या संघात नवं राष्ट्र नेमकं कोणत्या क्षणी सदस्य होतं? अर्ज मंजूर झाल्यावर, सही झाल्यावर की ध्वज वर गेल्यावर? याचं उत्तर त्यांच्या घटनेत लिहिलेलं असायला हवं. नसेल तर परिषदेआधी घटनादुरुस्ती करून घ्या, कारण अख्खा सोहळा या क्षणाभोवती बांधायचा असतो. त्याच्या आधी ते राष्ट्र पाहुणं असतं, नंतर घरचं होतं, आणि हा बदल शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही डोळ्यांनी दिसला पाहिजे. गोव्यात परिषदांच्या राजशिष्टाचाराचं काम मी बरीच वर्षं करत आलो आहे. सजावट कमी पडली म्हणून सोहळा फसलेला मी पाहिला नाही. तो फसतो तेव्हा मुख्य गोष्ट कधी घडून गेली हेच कोणाला कळलेलं नसतं.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण फिनलंडचं आहे. नाटोच्या करारानुसार नव्या देशाने आपलं प्रवेशपत्र अमेरिकेच्या सरकारकडे जमा करायचं असतं. ते जमा झालं की तो देश सदस्य. 4 एप्रिल 2023 रोजी ब्रुसेल्समध्ये आधी तुर्कस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आपल्या देशाच्या मंजुरीचा कागद अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ब्लिंकन यांच्या हाती दिला, कारण सगळ्या जुन्या सदस्यांची मंजुरी पूर्ण झाल्याखेरीज पुढचं पाऊल टाकताच येत नव्हतं. मग फिनलंडचे परराष्ट्रमंत्री हाविस्तो यांनी स्वतःच्या देशाचं पत्र दिलं. सदस्यत्व मिळालं ते इथे. ध्वज त्यानंतर मुख्यालयाच्या आवारात चढला, एस्टोनिया आणि फ्रान्स यांच्या ध्वजांच्या मध्ये. तारीखही विचार करून निवडण्यासारखीच होती: नाटोचा मूळ करार 4 एप्रिल 1949 चा. स्वीडनच्या वेळी या दोन गोष्टी दोन शहरांत झाल्या. पत्र 7 मार्च 2024 ला वॉशिंग्टनमध्ये दिलं गेलं आणि ध्वज 11 मार्चला ब्रुसेल्समध्ये उभारला गेला. मधले चार दिवस स्वीडनचा ध्वज तिथे नव्हता, तरी स्वीडन सदस्य होताच.

म्हणून तुमचा क्रमही हाच ठेवा: कागद, खुर्ची, ध्वज. बऱ्याच ठिकाणी ध्वज आधी वाजतगाजत आणतात आणि सह्या मागाहून कुठल्यातरी बाजूच्या टेबलावर उरकतात. टाळ्या सह्यांच्या आधीच वाजून गेलेल्या असतात, मग सह्यांकडे कोणाचं लक्षही राहत नाही.

आमंत्रण आणि सदस्यत्व यांतला फरकही मुलांना नीट समजावा. ऑगस्ट 2023 मध्ये जोहान्सबर्गच्या ब्रिक्स परिषदेत सहा देशांना बोलावणं गेलं आणि त्यांचं सदस्यत्व 1 जानेवारी 2024 पासून सुरू व्हायचं ठरलं. त्यांतल्या अर्जेंटिनात मधल्या काळात सरकार बदललं आणि डिसेंबरमध्ये त्या देशाने नकार कळवला. घोषणेच्या दिवशीच ध्वज लावला असता तर तो उतरवावा लागला असता. तुमच्या तीन राष्ट्रांपैकी एखाद्याच्या बाबतीत मुलांना असा पेच घालता येईल, पण तो परिषदेच्या आधीच्या बैठकांमध्ये घाला. स्वागताच्या दिवशी त्यावर नाट्य नको.

खऱ्या संघांमध्ये ही वाट किती लांब असते हे आपल्याच देशाच्या उदाहरणावरून दिसतं. शांघाय सहकार्य संघटनेत भारताच्या प्रवेशाची प्रक्रिया सुरू करण्याचा निर्णय 2015 साली ऊफामध्ये झाला. बंधनांच्या स्वीकाराचा दस्तऐवज 2016 मध्ये ताश्कंदला सही झाला आणि पूर्ण सदस्यत्व जून 2017 मध्ये अस्ताना इथे मिळालं. याच संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक 4 आणि 5 मे 2023 ला आपल्या बाणावलीत झाली. तिथे इराण आणि बेलारूस यांच्या सदस्यत्वाचा विषय होता, आणि पुढे दोनच महिन्यांनी, 4 जुलैला, भारताच्या अध्यक्षतेखाली पडद्यावर भरलेल्या शिखर परिषदेत इराण सदस्य झाला. स्वागताचा देखणा प्रसंग दिसतो एका ठिकाणी, पण त्याच्यामागचं काम आधी कितीतरी खोल्यांमध्ये झालेलं असतं. पूर्व तिमोरने आग्नेय आशियाई देशांच्या आसियान संघटनेत येण्यासाठी 2011 मध्ये अर्ज केला होता. तत्त्वतः संमती नोव्हेंबर 2022 मध्ये आली आणि प्रवेश क्वालालंपूरला 26 ऑक्टोबर 2025 रोजी झाला. चौदा वर्षं वाट पाहिलेल्या माणसाचं भाषण आणि काल अर्ज केलेल्या माणसाचं भाषण एकसारखं असूच शकत नाही. तुमच्या तीन राष्ट्रांपैकी प्रत्येकाने किती वाट पाहिली, कोणी अडवलं, कशावर तडजोड झाली, हा इतिहास मुलांनी आधी एकेका पानात लिहून काढावा. त्यातून प्रतिनिधींच्या उभं राहण्यातसुद्धा फरक पडतो.

आता खुर्ची. माझ्या मते सोहळ्यातला सगळ्यात बोलका भाग हाच आहे, आणि त्यावर सगळ्यात कमी विचार होतो.

9 सप्टेंबर 2023 ला दिल्लीच्या जी-20 परिषदेत आफ्रिकी संघाला स्थायी सदस्य करून घेतलं तेव्हाचं दृश्य मुलांना दाखवा. कामकाज सुरू होण्याआधी पंतप्रधानांनी प्रस्ताव मांडला, हातोडा वाजवला आणि आफ्रिकी संघाचे अध्यक्ष, कोमोरोसचे राष्ट्रपती अझाली असूमानी यांना आपली जागा घ्यायची विनंती केली. परराष्ट्रमंत्री जयशंकर स्वतः उठून त्यांना घेऊन आले, पंतप्रधानांनी आलिंगन दिलं आणि असूमानी खुर्चीवर बसले. काही मिनिटांचाच प्रसंग, पण त्यात शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली, प्रवेश सुरुवातीला झाला. शेवटी झाला असता तर नव्या सदस्याने दिवसभर पाहुणा म्हणून बसून संध्याकाळी निरोप घेतला असता. दुसरी, त्यांना आणायला मंत्री गेले. यजमानाने कोणाला पाठवलं यावरून पाहुण्याला आपली किंमत कळते.

तुम्ही असं करा. टेबल पहिल्यापासूनच पंधरा जणांचं मांडा. त्यांतल्या तीन खुर्च्या रिकाम्या आणि त्यांच्यासमोर नामफलक नाहीत. तिन्ही नव्या राष्ट्रांचे प्रतिनिधी समोरच्या पाहुण्यांच्या रांगेत बसतील. सहीचं टेबल मधल्या मोकळ्या जागेत ठेवा, म्हणजे जुने सदस्य चारही बाजूंनी साक्षीदार होतात. सही झाली, पत्र महासचिवांच्या हाती गेलं, अध्यक्षांनी घोषणा केली की त्या राष्ट्राच्या शेजारी बसणाऱ्या सदस्याने उठून यावं आणि नव्या प्रतिनिधीला आपल्या बाजूच्या खुर्चीपर्यंत घेऊन जावं. नामफलक सचिवालयातल्या मुलीने किंवा मुलाने त्याच वेळी आणून ठेवावा, आधी नाही. प्रतिनिधी बसला की त्याचा माइक सुरू होईल आणि तो त्या खुर्चीवरून पहिलं वाक्य बोलेल.

यानंतर लगेच मतदान घ्या. विषय साधा असू दे, दिवसाची कार्यक्रमपत्रिका संमत करण्याइतका. पण अध्यक्षांनी "बाजूने कोण?" असं विचारल्यावर पंधरा हात वर गेले की सभागृहाला कळतं की संघ आता पंधरा राष्ट्रांचा झाला. भाषणांनी जे साधत नाही ते या एका मतदानाने साधतं. हे कटाक्षाने कराच.

खुर्च्या मोजताना हयगय नको. 6 एप्रिल 2021 रोजी अंकारामध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष आणि युरोपीय परिषदेचे अध्यक्ष दोन मोठ्या खुर्च्यांवर बसले, आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायेन उभ्याच राहिल्या. मग त्यांना बाजूच्या सोफ्यावर बसावं लागलं. त्या बैठकीत काय चर्चा झाली हे आज फार थोड्यांना आठवत असेल. खुर्ची सगळ्यांना आठवते.

क्रम कुठल्या आधारावर लावायचा हा वाद तुमच्याकडे नक्की होईल, आणि व्हावाच. आपल्या गोव्यात हे नवं नाही. देवळात पालखीचा मान कोणाचा, प्रसाद आधी कोणाला, हे महाजनांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, आणि ठरलेलं असतं म्हणूनच उत्सव सुरळीत पार पडतो. गावकरी पद्धतीच्या चालीरीती पोर्तुगिजांनी 1526 च्या फोराल नावाच्या सनदेत नोंदवल्या, त्यातही गावकऱ्यांच्या मानाचा क्रम आलाय. राष्ट्रांच्या बाबतीत मात्र क्रम मोठेपणावर लावता येत नाही, कारण सगळी राष्ट्रं समान धरलेली असतात. म्हणून अक्षरांचा आधार घेतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत दरवर्षी चिठ्ठी काढून पहिलं आसन कोणाचं ते ठरवतात आणि तिथून पुढे इंग्रजी वर्णक्रमाने बसतात, त्यामुळे कोणीच कायमचं पुढे किंवा मागे राहत नाही. युरोपीय संघात प्रत्येक देशाचं त्याच्या स्वतःच्या भाषेतलं नाव धरतात, म्हणून फिनलंड तिथे 'सुओमी' म्हणून शेवटाकडे जातो.

तुमच्या मुलांचा कारभार मराठीत चालतो, तर देवनागरी वर्णक्रम घ्या. त्याने परिषदेला स्वतःचा चेहरा येईल. फक्त अनुस्वार, जोडाक्षरं आणि क्ष-ज्ञ कुठे धरायचे याचा निर्णय आधी लेखी करून ठेवा, कारण सगळे कोश त्याबाबत एकसारखे नाहीत आणि मुलांना हे बरोबर सापडतं. पहिल्या आसनासाठी चिठ्ठी परिषदेच्या आदल्या आठवड्यात, सगळ्या प्रतिनिधींच्या देखत काढा.

नवं राष्ट्र शेवटी जोडायचं नाही, त्याच्या अक्षराच्या जागी बसवायचं. 14 जुलै 2011 ला दक्षिण सुदान 193 वा सदस्य म्हणून संयुक्त राष्ट्रांत आला. त्याची जागा दक्षिण आफ्रिका आणि स्पेन यांच्या मध्ये लागते. म्हणजे स्पेनपासून पुढचे सगळे एकेक जागा सरकतात. मला हे फार आवडतं. नवा सदस्य आला की जुन्यांनाही हलावं लागतं. तुमच्या सभागृहातही ध्वजांची रांग आधीच पंधरा स्तंभांची मांडा, त्यांतले तीन मोकळे ठेवा. मोकळा स्तंभ पाहूनच प्रेक्षकांची उत्सुकता वाढते.

तिन्ही राष्ट्रं एकाच दिवशी येत असल्यामुळे त्यांच्यात आधी कोण हाही प्रश्न आहे. 29 मार्च 2004 ला सात देशांनी वॉशिंग्टनमध्ये एकाच दिवशी नाटोची प्रवेशपत्रं दिली. 1 मे 2004 ला युरोपीय संघात दहा देश एकदम आले. तुम्हीही दस्तऐवजात सगळ्यांची प्रवेशाची तारीख आणि वेळ एकच लिहा आणि बोलावताना अक्षरक्रम पाळा. एकाला टाळ्या जास्त आणि दुसऱ्याला कमी असं व्हायला नको असेल तर तिघांच्याही सह्या होईपर्यंत टाळ्या थांबवायला अध्यक्षांनी आधीच सांगावं.

राष्ट्राचं नाव ही बारीकशी बाब वाटते, पण तिच्यापायी वर्षंच्या वर्षं गेलेली आहेत. मॅसिडोनियाच्या नावाला ग्रीसचा विरोध होता. म्हणून 1993 मध्ये तो देश संयुक्त राष्ट्रांत 'मॅसिडोनियाचं माजी युगोस्लाव्ह प्रजासत्ताक' अशा तात्पुरत्या उल्लेखाने आला आणि इंग्रजीतल्या 'द'मुळे थायलंडशेजारी बसला. ध्वजावरच्या सूर्यचिन्हालाही आक्षेप होता, त्यामुळे 1995 मध्ये ध्वज बदलेपर्यंत मुख्यालयासमोर त्यांचा ध्वज लागलाच नाही. जून 2018 मध्ये प्रेस्पा इथे करार झाला, नाव उत्तर मॅसिडोनिया झालं, आणि 27 मार्च 2020 ला तो देश नाटोत दाखल झाला. कोविडचे दिवस असल्यामुळे ध्वज उभारणीला मोजकीच माणसं होती. तुमच्या मुलांना नाट्य हवं आहे ना? मग सभात्याग, घोषणाबाजी असलं काही बसवण्यापेक्षा असा एखादा नावाचा किंवा चिन्हाचा वाद घ्या आणि तो परिषदेच्या आदल्या रात्री सुटू दे. अडवणारं राष्ट्रच दुसऱ्या दिवशी नव्या सदस्याला खुर्चीपर्यंत घेऊन गेलं तर त्या चालण्यात सगळा इतिहास दिसेल.

ध्वजांबद्दल. खऱ्या देशांचे ध्वज वेगवेगळ्या मापांचे असतात. स्वित्झर्लंडचा चौरस, नेपाळचा दोन त्रिकोणांचा, कतारचा खूप लांबट. परिषदेत शक्य तितके एका मापाचे करून घेतात, नाहीतर रांग वेडीवाकडी दिसते. तुमचे ध्वज काल्पनिक असल्याने सगळे एकाच कापडाचे आणि एकाच मापाचे शिवून घ्या. 900 × 600 मिलिमीटर हे माप सभागृहासाठी पुरेसं आहे, टेबलावरच्या छोट्या ध्वजांना 150 × 100. प्रत्येक ध्वजाची वरची बाजू मागून धाग्याने खूण करून ठेवा. फिलिपिन्सचा ध्वज उलटा लावला की त्याचा अर्थ युद्धस्थिती असा होतो, आणि 2010 साली न्यूयॉर्कमधल्या अमेरिका-आसियान बैठकीत तो उलटा लागला होता. ध्वज लावणारा आणि तपासणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात. लंडन ऑलिंपिकच्या वेळी, जुलै 2012 मध्ये, ग्लासगोत उत्तर कोरियाच्या खेळाडूंच्या नावांसमोर दक्षिण कोरियाचा ध्वज दिसला, संघ मैदान सोडून गेला आणि सामना तासभर उशिरा सुरू झाला.

सामूहिक छायाचित्रासाठी जमिनीवर ध्वजांचे स्टिकर चिकटवायची पद्धत आहे. तुम्ही ते करू नका. ऑगस्ट 2023 मध्ये जोहान्सबर्गलाच आपल्या पंतप्रधानांनी जमिनीवरचा छोटा तिरंगा पाहून तो उचलला आणि खिशात ठेवला, तेव्हा यजमान अध्यक्ष रामाफोसांनीही आपला उचलला. जमिनीवर नुसते आकडे लिहा. आणि छायाचित्रात नव्या तिघांना मधोमध, अध्यक्षांच्या जवळ उभं करा. एरवीचा क्रम त्या दिवशी बाजूला ठेवायला हरकत नाही, इथे तो मान त्यांचाच.

तिरंग्याबद्दल मी आग्रहाने सांगेन. तुमच्या काल्पनिक ध्वजांच्या रांगेत तो लावू नका. भारतीय ध्वजसंहिता 2002 मध्ये इतर देशांच्या ध्वजांबरोबर तिरंगा कसा असावा ते सांगितलंय: सरळ रांगेत तो प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिल्यास सगळ्यात उजवीकडे, बाकीचे इंग्रजी वर्णक्रमाने, आणि तिरंगा सर्वांत आधी चढवायचा, सर्वांत शेवटी उतरवायचा. पण हे खऱ्या राष्ट्रांसाठी आहे. एरवी दुसरा कोणताही ध्वज तिरंग्याच्या वर किंवा बरोबरीने लावायचा नसतो. मुलांनी कल्पनेतून रंगवलेले ध्वज राष्ट्रध्वज नव्हेत. तेव्हा तिरंगा प्रवेशद्वाराशी स्वतंत्र स्तंभावर, मानाने, सकाळी सगळ्यांत आधी फडकवा. राष्ट्रगीत तिथेच म्हणा. संघाच्या परिषदेचं कामकाज आतल्या दालनात, त्यानंतर. संघाचं चिन्हही मुलांनी स्वतः काढावं. संयुक्त राष्ट्रांच्या चिन्हात फेरफार करून वापरू नये. त्याच्या वापरावर 1950 च्या कायद्याने बंधनं आहेत, आणि तसंही उसन्या चिन्हाखाली आपला संघ आपला वाटत नाही.

स्नेहसंमेलन टाळायचा माझा उपाय हाच आहे: महाविद्यालयाचा कार्यक्रम आणि संघाची परिषद पूर्ण वेगळी करा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रमुख पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्राचार्यांचे दोन शब्द, हे सगळं सकाळी पहिल्या पाऊण तासात व्हावं. मग पंधरा मिनिटं चहा. चहानंतर जे दालनात येतील ते प्राध्यापक आणि विद्यार्थी म्हणून येणार नाहीत. प्राचार्यसुद्धा प्रेक्षकांत बसतील. सूत्रसंचालकाला चहानंतर सुट्टी द्या. परिषदेला अध्यक्ष असतो आणि महासचिव असतो, तेच बोलतात. शेरोशायरी नको, "आता आपल्यासमोर येत आहेत" नको.

जागा निवडताना रंगमंच टाळा. कला अकादमीचं नाट्यगृह सुंदर आहे, पण रंगमंचावर प्रतिनिधी बसले की ते नट होतात आणि खालचे प्रेक्षक करमणुकीची वाट पाहतात. सपाट फरशीचं दालन घ्या, मध्ये चौकोनी टेबल, भोवती प्रेक्षक. दोना पावलाचं इंटरनॅशनल सेंटर अशा बैठकांसाठीच आहे. तारीख ठरवताना 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त आणि 19 डिसेंबरला मुक्तिदिन आहे हे लक्षात ठेवा; नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत चित्रपट महोत्सवाची गर्दी असते. ध्वज उघड्यावर उभारायचे असतील तर सकाळी वारा नसतो आणि ते लोंबकळत राहतात, दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. म्हणून सकाळच्या सोहळ्याला मी तरी दालनातच, स्टँडवर ध्वज उभे करायला सांगेन.

भाषणं छोटी. अध्यक्षांना चार मिनिटं, प्रत्येक नव्या सदस्याला तीन. नव्या सदस्याने आभारांत वेळ घालवू नये. आपण कोणतं बंधन स्वीकारतो आहोत आणि संघाला काय देणार आहोत एवढंच त्याने सांगावं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतही सदस्य होण्याची अट बंधनं स्वीकारण्याची आहे. तुमच्या सागरी संघात ते मासेमारीचे नियम असतील, बुडणाऱ्या जहाजाला मदत असेल, बंदरांचे दर असतील. आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना यातलं बरंच घरातून माहीत असतं, ते त्यांच्या भाषणात येऊ द्या.

भेटवस्तू इथल्याच द्या: कुणबी कापडाची शाल, काजू, खाजे. शंख-शिंपले आणि प्रवाळ नको, त्यांतल्या अनेक जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. घुमट हे कातड्याने मढवलेलं वाद्य वाजवणार असाल, आणि वाजवाच, तर तो बकऱ्याच्या कातड्याचा आहे याची खात्री करा. घोरपडीच्या कातड्याला बंदी आहे. शुभेच्छांचे पेले कोकम सरबताचे.

एक गोष्ट मात्र सोडू नका, ती म्हणजे दुपारची अनौपचारिक बैठक. नोव्हेंबर 1983 मध्ये राष्ट्रकुलाच्या प्रमुखांची परिषद दिल्लीत झाली, आणि मधल्या विसाव्यासाठी ते सगळे आग्वादला आले. पर्वरीहून साळगाव-कळंगुटकडे जाणाऱ्या रस्त्याला आपण अजून चोगम रोड म्हणतो तो त्या परिषदेवरून. तिथे अधिकाऱ्यांचा ताफा नव्हता, प्रमुखांनी आपसांत बोलायचं होतं, आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षेविषयीचं गोवा घोषणापत्र त्या विसाव्याशीच जोडलं गेलं. तुमच्या पंधरा प्रतिनिधींनाही जेवणानंतर तासभर नामफलक, कागद आणि शिक्षक यांच्याशिवाय एका खोलीत बसवा. नव्या तिघांना जुन्यांमध्ये पसरून बसायला सांगा. तिथे काय बोलतील ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. संध्याकाळी एका पानाचं निवेदन घेऊन बाहेर यायचं, एवढीच अट.

तालीम दोनदा घ्या, आणि दुसऱ्या तालमीत मुद्दाम अडचणी घाला. सही करताना पेन चालत नाही. एका नव्या राष्ट्राचा प्रतिनिधी जागेवर नाही. माइक बंद पडतो. प्रत्येक अडचणीला कोण पुढे होणार त्याचं नाव मिनिट-टू-मिनिट कार्यक्रमाच्या कागदावर असलं पाहिजे. सह्यांच्या फोल्डरची दुसरी प्रत आणि दोन जादा पेनं महासचिवांच्या मागे उभ्या असलेल्या मुलाच्या हातात ठेवा. तिन्ही नव्या राष्ट्रांची नावं नामफलकावर, ध्वजाच्या पाटीवर, दस्तऐवजावर आणि अध्यक्षांच्या भाषणात एकाच शुद्धलेखनात आहेत ना, हे परिषदेआधी निदान आठवडाभर त्या त्या राष्ट्राच्या प्रतिनिधीकडून सहीनिशी तपासून घ्या. मिनिट-टू-मिनिट कागद तयार झाला की पाठवा, मी वेळा तपासून देतो.